डावा पंख तेरा मिलिमीटर आखूड

विमान बनवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते अमेरिकेत. शतक बदललं की जगभरचे संगणक बंद पडणार अशी हूल उठली होती, आणि त्या हुलीच्या कृपेनं कंपनीनं आम्हा पाच-सहा जणांना सहा महिन्यांसाठी तिकडे पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी करायला काहीच नसायचं. एकदा गावाबाहेरच्या मैदानात पिकल्या केसांची माणसं हातात रेडिओ धरून मोठमोठी विमानं उडवताना दिसली, आणि मी दिवसभर तिथून हललो नाही. बाकीच्यांनी परतताना परफ्यूम आणि चॉकलेटं आणली. मी एक रेडिओ, गवत कापायच्या यंत्रातलं एक छोटं पेट्रोल इंजिन आणि नळीत गुंडाळलेला नकाशा घेऊन आलो. नऊ फूट पंखांचं विमान, खऱ्या चार-आसनी विमानाच्या पावपट. अकोल्याला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "लग्नाचं वय झालं अन् तू खेळणी जमा करून राहिला."

कोथरूडला आम्ही ऑफिसातले तिघं एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. नकाशा उघडून मी उत्साहानं पंखाच्या फासळ्या कापायला घेतल्या. बाल्साचं लाकूड इतकं मऊ असतं की नखानंही त्यावर वण उठतो. तीन रविवारांत मी त्याचा भुगा केला. शेवटी एक फासळी हातात घेऊन, कुठे सुतार मिळतो का बघायला खाली उतरलो, तर तळमजल्यावरचे काका आपल्या बंदिस्त पार्किंगमध्ये स्टुलाचा पाय बसवत होते. त्यांनी न विचारता ती फासळी माझ्या हातातून घेतली.

"हे कुणी कापलं?"

"मी."

"कशानं? दातांनी?"

माझ्या नाकावर तेव्हा कायम राग असायचा आणि पुण्यात तर त्याला रोज खुराक मिळायचा. पण मी काही बोलायच्या आत त्यांनी पटाशी उचलली आणि दोन-तीन हातांत त्या फासळीची कड अशी करून दिली की राग तसाच तोंडात राहिला. कडेवरून बोट फिरवलं, तर कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळेना.

काका एका कारखान्यात पॅटर्न मेकर होते. म्हणजे यंत्राचा जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी तंतोतंत लाकडात घडवायचा, मग त्याचा वाळूत ठसा घेऊन त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. मग बाजार खुला झाला, बाहेरची यंत्रं आली, लाकडाचे साचे संगणकावरच्या ड्रॉइंगवरून आपोआप कापले जाऊ लागले आणि कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," एवढंच ते त्याबद्दल बोलायचे. मी कुठे काम करतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरून त्यांनी मला टोमणा मारला नाही असा आठवडा आठवत नाही, पण नकाशा मात्र त्यांनी त्याच दिवशी ठेवून घेतला.

त्यानंतरचे सात-आठ महिने माझे सगळे रविवार त्या पार्किंगमध्ये गेले. मी तिथे जे पाहिलं ते आजवर कुठल्या कॉलेजात किंवा कंपनीत पाहिलेलं नाही. काका एक काम हातात घेण्याआधी दहा मिनिटं नुसते बघत बसायचे. लाकडाची शीर कुठून कुठे जाते ते बघायचे, पट्टी हातावर तोलायचे. फासळी घासून झाली की डोळे मिटून तिच्यावर अंगठा फिरवायचे आणि "इथे कागदभर जास्त आहे," असं म्हणून कानस एकदाच ओढायचे. मी मोजायला जायचो, तर खरोखर कागदभर कमी झालेलं असायचं. डोळा तर असा की लांबूनच सांगायचे, "ती पट्टी चार नाही, साडेचार आहे." काकू चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "यांच्यापुढे पोळी ठेवायची भीती वाटते हो मला. वाटोळी नसली तर खातात, पण बघतात आधी."

नकाशा अर्ध्या मापात छापलेला होता. त्यावरचे आकडे दुप्पट करून पूर्ण आकाराचा आराखडा प्लायवूडच्या फळीवर आखायचा आणि त्या फळीवरच पंख जोडायचा, अशी काकांची पद्धत. धड त्यांनी एकट्यानं केलं. उजवा पंखही त्यांचाच. डाव्या पंखाची वेळ आली तेव्हा म्हणाले, "हा तुम्ही करा. बघून पोहायला येत नसतं." पार्किंगमध्ये दुसरी फळी मावेना, म्हणून मी ती वर आमच्या हॉलमध्ये टाकली आणि लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतून एक नवी कोरी स्टीलची पट्टी आणली. माझे दोघं सोबती दीड महिना त्या फळीला वळसा घालून टीव्ही बघायचे. एकशेतीस सेंटिमीटरचा पंख मी नऊ वेळा मोजला असेल.

आणि एका रविवारी सकाळी तो खाली नेऊन आम्ही दोन्ही पंख पार्किंगच्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. माझा पंख आखूड होता. थोडाथोडका नाही, तेरा मिलिमीटर.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुमच्या कंपनीत तेरा मिलिमीटर चालत असतील," ते म्हणाले. "विमानाला चालत नाहीत."

मला इतकं लागलं की मी चहासुद्धा न घेता वर आलो. आळशीपणाबद्दल कोणी बोललं तर मी ऐकून घेईन, अडाणीपणाबद्दलही. पण मी मोजलं होतं. दुपारी जेवण गेलं नाही. चार वाजता माझी पट्टी घेऊन तावातावानं खाली गेलो आणि म्हणालो, "काका, पुन्हा मोजा. माझ्यासमोर." त्यांनी शांतपणे आपली पट्टी काढली. मी माझी तिच्या शेजारी आदळली. दोन्ही साठ सेंटिमीटरच्या. या टोकाचे शून्य जुळले. त्या टोकाला त्यांची पट्टी माझ्या पट्टीच्या सहा मिलिमीटर पुढे गेली होती.

आधी मला काहीच कळलं नाही. काकांना लगेच कळलं. त्यांनी आपली पट्टी उचलून उजेडात धरली, तिच्या कोपऱ्यावर कधीकाळी काही कोरलेलं होतं ते आता झिजून गेलं होतं, तिथे त्यांनी अंगठा फिरवला आणि खुर्चीवर बसले.

"ही ओतकामाची," ते म्हणाले.

मग त्यांनी मला समजावलं, अगदी हळू आवाजात. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून लाकडाचा साचा तेवढाच मोठा करावा लागतो, शेकड्याला एक. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्न मेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. "खरी पट्टीपण पेटीत आहे," ते म्हणाले. "पण बत्तीस वर्षं हात हिच्याकडेच जायचा. तसाच गेला." धड, शेपूट, उजवा पंख, सगळं शेकड्याला एक मोठं झालं होतं. आख्ख्या विमानात बरोबर मापाचा होता तो फक्त माझा पंख, डिंकाचे ओघळ आलेला.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हणालो, "काका, काही बिघडलं नाही. मी माझा पंख तुमच्या पट्टीनं पुन्हा करतो. सगळंच सारखं मोठं, कोणाला कळणारपण नाही." खरंच हाच शहाणपणाचा मार्ग होता. त्यांचा पंख बघत राहावा असा होता, माझा झाकून ठेवावा असा.

"तुमचा बरोबर आहे," काका म्हणाले. "बरोबर असलेलं मोडायचं नसतं."

"पण धडही मोठंच आहे ना."

"धड असू दे. माणसं जाडी असतातच. हात सारखे हवेत."

आणि ते उठले, करवत घेतली, उजवा पंख मांडीवर घेतला आणि बरोबर मधोमध कापला. टोकाचे तेरा मिलिमीटर उडवून भागलं नसतं, फासळ्याही मोठ्या होत्या, हे मला कळत होतं. तरी दोन महिन्यांचं काम होतं ते. कोणी पाहत नसताना आपली चूक झाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यात मीही आलो. दुसऱ्याच्या खरेपणासाठी आपलं इतकं देखणं काम कापून टाकणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

नवा पंख त्यांनी माझ्या पट्टीनं केला. पंख चांगला झाला, पण काका बदलले. एक तुकडा कापायचा, की माझ्यापुढे धरायचे. "तुम्ही मोजा." फासळी घासून झाली, की "तुम्ही मोजा." अंगठा फिरवणं बंद झालं. लांबून बघून आकडा सांगणं तर बंदच. एकदा काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "परवा भिंतीवर घड्याळ लावलं, तर मला विचारतात, सरळ आहे का. मला. कारखान्यातून घरी बसवलं तेव्हा नव्हते हो असे झाले. तेव्हा म्हणायचे, काम गेलं, डोळा तर आहे." मग म्हणाल्या, "विमान उडलं नाही तरी चालेल मला. ह्यांचं हे थांबवा." मी मान हलवली. पण कसं थांबवायचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि मोजायला नाही म्हणायची माझी हिंमतही नव्हती.

विमान मात्र रूप घेत होतं. इस्त्रीनं चिकटणारा पांढरा आणि निळा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा मी अमेरिकेतल्या मित्राकरवी मागवला होता. इस्त्री गरम फिरवली की तो आक्रसतो आणि ढोलकीच्या कातड्यासारखा ताणून बसतो. ते काम काकूंनी आपल्याकडे घेतलं. "साड्यांच्या फॉल-पिकोपेक्षा सोपं आहे," म्हणाल्या, आणि दोन आठवड्यांत एकही सुरकुती न पाडता त्यांनी नऊ फूट विमान मढवलं. सोसायटीतले लोक गाड्या काढताना थांबून बघायचे. त्यातल्या एकांनी "हे पार्किंगच्या नियमात बसतं का," असं विचारलं, यापलीकडे कौतुक झालं नाही.

हिवाळ्यातल्या एका सकाळी टेंपोत विमान घालून आम्ही मांजरीच्या पुढे एका मोकळ्या माळावर गेलो. आजूबाजूला ऊस, मधे एक पडीक पट्टा. काका पूर्ण वाट मागे पंखांपाशी बसून आले. उडवायला मी नव्हतो. मला जेमतेम छोटं विमान सांभाळता यायचं. पुण्यात दर रविवारी विमानं उडवणारे एक गृहस्थ होते, त्यांना विनंती केली होती. त्यांनी इंजिन चालू केलं, रेडिओवरून शेपूट-पंख हलवून पाहिले, आणि विमान गवतावरून धावत सुटलं. पन्नास-साठ पावलांवर त्याची चाकं सुटली. मी काकांकडे पाहिलं. ते मान एका बाजूला कलती करून बघत होते. आनंद नव्हता चेहऱ्यावर. काहीतरी खुपत होतं.

पाच-सहा मिनिटांनी त्या गृहस्थांनी विमान अलगद उतरवलं. "फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "थोडं उजवीकडे झुकतं, मी ट्रिम दिलंय." ट्रिम म्हणजे रेडिओवरचा एक छोटा खटका. विमान एका बाजूला झुकत असेल तर तेवढा उलटा जोर कायमचा लावून ठेवायचा. "नव्या मॉडेलला एवढं लागतंच. ॲक्सेप्टेबल आहे."

काका म्हणाले, "डावा पंख जरा..." आणि गप्प झाले.

"काय काका?"

"काही नाही. तुम्ही मोजलंय ना सगळं?"

"मोजलंय. पण तुम्हाला काय दिसलं?"

"दिसण्याचं काय खरं आहे आता."

तिथे माझा तोल गेला. दुसऱ्या माणसासमोर, भर माळावर, मी त्यांच्यावर ओरडलो. म्हणालो, "पट्टी वेगळी होती, काका. डोळा वेगळा नव्हता. डोळ्याला कशाला शिक्षा करून राहिले तुम्ही? तीन महिने झाले, मी मोजतोय आणि तुम्ही गप्प बसताय. मला काय कळतं मोजण्यातलं? बोला ना काय दिसलं ते." बोलून झाल्यावर लाजेनं माझे कान तापले. आमच्याकडे वडीलधाऱ्यांशी असं बोलत नाहीत, पुण्यातही बोलत नसतील.

काका विमानाच्या मागे गेले, शेपटीपाशी उकिडवे बसले आणि एक डोळा मिटला. आम्ही दोघं उभे. ऊन चढत होतं.

"डाव्या पंखाची मागची कड टोकाशी खाली आली आहे," ते म्हणाले. "दोन मिलिमीटर. म्हणून डावीकडून जास्त उचलतं आणि उजवीकडे कलतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लांबीला बरोबर आहे हो तुमचा पंख. पीळ आहे. माणसासारखाच."

माझाच पंख चुकीचा निघाला, याचा इतका आनंद मला झाला की मी हसायलाच लागलो. ते गृहस्थ मात्र खाली वाकून बघत होते. "मला तर काही दिसत नाही," ते म्हणाले.

पीळ काढायचा तर पापुद्रा गरम करून, पंख उलटा पिळून धरायचा आणि थंड होऊ द्यायचा. उन्हात पापुद्रा सैल पडला तर लागेल म्हणून काकूंनी इस्त्री सोबत दिलीच होती. बांधापलीकडे विहिरीवर मोटारीची खोली होती. शेतकरी दादांना विचारलं, तर म्हणाले, "लाइट हाय. पर किती वेळ हाय ते सांगता येत न्हाई. आटपा बिगी बिगी." त्या खोलीत, मोटारीच्या घरघरीत, मी पंखाचं टोक धरून पिळलं आणि काकांनी इस्त्री फिरवली. "अजून. अजून जरा. आता सोडू नका." पापुद्रा थंड झाला. काकांनी पंख डोळ्यासमोर धरला. "आला," म्हणाले.

परत आल्यावर ते गृहस्थ अवघडून म्हणाले, "हे मेजर कसं करणार आपण? पीळ मोजायला सपाट टेबल पाहिजे, इथे काय आहे? अंदाजानं पिळलं आणि उलटीकडे जास्त झालं तर टेक-ऑफलाच रिस्क आहे. माझं ऐका, घरी न्या, नीट चेक करा. नेक्स्ट संडे उडवू." त्यांचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. काका माझ्याकडे बघत होते. मला कळलं की ते वाट बघतायत, मी घरी नेऊ म्हणतोय का त्याची. म्हटलं असतं तर ते एका शब्दानं काही बोलले नसते. निमूट टेंपोत बसले असते, आणि मग जन्मभर भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्याला विचारून लावलं असतं.

"उडवा," मी म्हणालो. "आणि ते ट्रिम काढून टाका."

"विमान पडलं तर?"

"माझं आहे."

त्यांनी खांदे उडवले आणि खटका शून्यावर आणला. विमान धावलं. गवतात एका ठिकाणी जरा हिंदकळलं, तेव्हा काकांनी माझं मनगट धरलं. मग चाकं सुटली. विमान सरळ वर गेलं, उसाच्या वर गेलं, लांब वळसा घालून आमच्या दिशेनं परत आलं. डोक्यावर आलं तेव्हा त्या गृहस्थांनी दोन्ही अंगठे रेडिओवरच्या दांड्यांवरून उचलले आणि आम्हाला दिसतील असे वर धरले. विमानाला कोणी काही सांगत नव्हतं. ते पार त्या टोकाच्या बाभळीपर्यंत सरळ गेलं, रेषाभरही कुठे झुकलं नाही.

"कोणी अलाइन केलं हे?" त्या गृहस्थांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"ह्यांनी," मी म्हणालो. "डोळ्यांनी."

काकांनी माझं मनगट सोडलं, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले. "उतरवा आता," ते म्हणाले. "पेट्रोल काय फुकट येतं?"

पुढच्या रविवारी मी खाली गेलो, तर ते चाकांवर बसवायची झाकणं घडवत होते. मी सवयीनं पट्टी काढून शेजारी उभा राहिलो. त्यांनी तुकडा घासला, डोळे मिटून अंगठा फिरवला, कानस एकदा ओढली आणि तो बाजूला ठेवून दुसरा घेतला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "नुसते उभे काय राहताय? चहाचं बघा." त्यानंतर त्यांनी मला कधीही काही मोजायला सांगितलं नाही. हातातलं काम काढून घेतल्याचा मला आयुष्यात एवढा एकदाच आनंद झाला आहे.